आरसा उभाच जातो
बिऱ्हाड हलवताना : भाग ९

मे महिन्याच्या अखेरीस शहापूर किंवा मुरबाडच्या नाक्यावर थोडा वेळ उभं राहिलं, की टेम्पोत भरलेली घरं दिसू लागतात. बदलीचे आदेश हातात पडलेले असतात, भाड्याच्या खोलीचा करार संपत आलेला असतो आणि पाऊस पंधरा दिवसांवर येऊन ठेपलेला असतो. खाली कपाट आणि दिवाण, त्यावर भांड्यांची पोती, गाद्यांच्या वळकट्या, कडेला उलटी खोचलेली खुर्ची. आणि या सगळ्याच्या वर, निघता निघता आठवण झाली म्हणून आडवा टाकलेला आरसा. आरशावर चादर. चादरीशेजारी, ‘धरून बस रे’ म्हणून बसवलेला घरातला धाकटा.

असा आरसा दर वेळी फुटतोच असं नाही. पुष्कळदा तो धडधाकट पोहोचतो, आणि म्हणूनच ही रीत अजून टिकून आहे. मात्र त्यात आरशाच्या नशिबाचा वाटा मोठा असतो, बांधणाऱ्याच्या हाताचा कमी.

बिऱ्हाड हलवणं या दोन तालुक्यांना नवं नाही. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव १८९२ सालचा आणि तो शहापूर तालुक्यातला, भातसा धरणही इथलंच. मुरबाडकडच्या बारवी धरणाची उंची वाढवण्यात आली आणि २०१९च्या पावसाळ्यात ते वाढीव उंचीपर्यंत पहिल्यांदा भरलं, तेव्हा तोंडली, मोहघर अशा गावांतल्या कुटुंबांना जुनी घरं सोडावी लागली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो, आणि त्याच्या भूसंपादनात शेतांबरोबर काही घरंही गेली. पूर्वी अशा घरांमध्ये आरसा म्हणजे खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली, कंगवा ठेवायच्या फळीची वीतभर चौकट. ती कपड्यांच्या बोचक्यात सहज जायची. आता लग्नात आंदण आलेलं आरशाचं कपाट असतं, ड्रेसिंग टेबल असतं, नव्या घराच्या ओसरीत पुरुषभर उंचीचा आरसा असतो. सामान वाढलं, पण बांधायची पद्धत वीतभर आरशाच्या काळातलीच राहिली.

मोठा आरसा नेमका कशानं फुटतो, हे आधी पाहायला हवं. ‘खड्ड्यात गाडी आदळली आणि फुटला’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

काच तिच्या कडेवरच्या बारीक चिरांमधून तुटते. १९२०च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं काचेच्या कांड्या तोडून पाहिल्या. काच कागदावरच्या हिशोबाइतकी भक्कम का भरत नाही, याचं उत्तर त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांमध्ये सापडलं. ताण सगळ्या काचेवर सारखा पसरत नाही. तो चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि तिथूनच काच उलगडत जाते. दुकानात हिऱ्याच्या कलमानं रेघ ओढून आरसा कापतात, तेव्हा अशा हजारो चिरा कडेवर तयार होतात. कड घासून पॉलिश केलेली असेल तर त्या कमी असतात. पण लाकडी चौकटीत बसवायच्या आरशाची कड सहसा कोणी घासत नाही, कारण ती दिसणारच नसते. म्हणून आरशाचं तोंड मजबूत आणि कडा नाजूक. उघडी कड फरशीवर टेकवली आणि तिच्याखाली रेतीचा एक कण आला, तरी तेवढ्यानं टवका उडू शकतो.

टवका उडाला की आरसा लगेच फुटेलच असं नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. दमट हवेत काचेची चीर हळूहळू वाढते, कारण पाण्याची वाफ चिरेच्या टोकाशी असलेले काचेतले बंध सैल करते. त्यामुळे आरसा अख्खा प्रवास धड पार पाडतो, भिंतीवर चढतो आणि जूनच्या पावसात एखाद्या रात्री आपोआप तडकतो. घरातली वडीलधारी मंडळी नव्या घराला नजर लागली म्हणतात. कारण खालच्या कोपऱ्यात, टेम्पोतून उतरवताना उडालेल्या टवक्यात असतं.

दुसरं कारण म्हणजे वजन आणि वाक. काचेचा हिशोब सोपा आहे : एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी, वजन अडीच किलो. म्हणजे सहा फूट बाय तीन फुटांचा, पाच मिलिमीटर जाडीचा आरसा चौकटीशिवाय साधारण २१ किलो भरतो. सहा बाय चारचा घेतला तर २८. असा आरसा भांड्यांच्या पोत्यांवर आडवा टाकला, की तो सगळीकडे टेकत नाही. कुठे कळशीच्या काठावर टेकतो, कुठे अधांतरी राहतो. गाडी खड्ड्यात गेली की त्याचं स्वतःचंच वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन त्या अधांतरी भागाला खाली ओढतं. हीच काच कडेवर उभी केली की वाकतच नाही. फूटपट्टी सपाट धरून वाकवली तर वाकते, कडेवर उभी धरून वाकवायला गेलं तर बोटं दुखतात, तसंच हे. काचेचे कारखाने आणि घाऊक व्यापारी मोठ्या काचा इंग्रजी ‘ए’ अक्षरासारख्या लोखंडी सांगाड्यावर, किंचित कलत्या पण उभ्याच नेतात. आडवी काच ट्रकमध्ये टाकणारा काचवाला सापडायचा नाही.

आता बांधाबांधीकडे वळू. त्याही आधी आरसा भिंतीवरून काढणं आलं. टोपीच्या स्क्रूवर बसवलेला आरसा उतरवताना एकानं आरसा भिंतीशी दाबून धरायचा, दुसऱ्यानं आधी वरचे स्क्रू सैल करून अडकवलेले ठेवायचे, मग खालचे काढायचे आणि वरचे सगळ्यात शेवटी. सिलिकॉननं चिकटवलेला आरसा पेचकसानं उचकटला, तर फुटणार हे ठरलेलंच. त्याच्या मागून पातळ, मजबूत तार दोघांनी दोन टोकांना धरून करवतीसारखी ओढावी. ती सिलिकॉन कापत खाली येते. सलूनमधले लांबच लांब आरसे प्लायवूडवर चिकटवलेले असतात. ते सोडवायच्या भानगडीत न पडता प्लायसकट उतरवणंच शहाणपणाचं.

गुंडाळायला काय घ्यावं, हा या भागातला सगळ्यात मजेदार प्रश्न. बाजारातलं सामान नसलं तरी शहापूर-मुरबाडच्या घरात उत्तम वस्तू पडलेल्या असतात, फक्त त्यांचा क्रम चुकतो.

भाताचा पेंढाच घ्या. दोन्ही तालुके भाताचे. झोडणी झाली की घराच्या मागं पेंढ्याचे भारे रचलेले असतात. काच आणि चिनी मातीची भांडी पेंढ्यात भरून पाठवण्याची रीत जगभर होती, आणि पेंढा खरोखरच चांगला दबतो व परत फुलतो. पण भाताच्या काडीत सिलिका भरपूर असते. तीच सिलिका, जिच्यापासून काच बनते. म्हणून भाताचं पातं हाताला कापतं. आरशाच्या पाठीवर पेंढा थेट लावला आणि गाडी तास-दोन तास हिंदकळत राहिली, तर पाठीचा रंग खरवडला जातो. शिवाय पेंढा ओल धरतो. तेव्हा पेंढा हवाच, पण टेम्पोच्या हौद्यात तळाला, आरशाच्या सगळ्या वेष्टनांच्या बाहेर, आणि तोही कोरडा. जूनमधला पेंढा नको.

पाठीच्या रंगाची एवढी काळजी कशासाठी? कारण आरशाचा जीव तिथे आहे. लोक त्याला अजून पाराच म्हणतात, आणि एके काळी तिथे कथील आणि पाऱ्याचा लेप खरोखर असायचा. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यानं काचेवर चांदी बसवण्याची कृती शोधली, आणि पाऱ्याचा विषारी धंदा हळूहळू बंद पडला. आजच्या आरशात चांदीचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याला राखतो तो मागचा रंग. रंगाला ओरखडा गेला की ओल आत शिरते आणि काळे डाग पडतात. ते डाग पुसून जात नाहीत.

घोंगडीचंही तसंच. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुराढोरांच्या बाजाराबरोबर तिथला घोंगड्यांचा बाजारही नावाजलेला आहे. जाड लोकरीची घोंगडी म्हणजे आरशाला मिळू शकणारी सर्वोत्तम शाल. ती घसरत नाही, दोरीखाली चपटी होत नाही, धक्का पिणं म्हणजे काय ते ती दाखवते. पण लोकर खरखरीत असते, म्हणून तीही बाहेरूनच.

मग आतून काय? सगळ्यात आधी स्वच्छ कोरा कागद, किंवा धुऊन वाळवलेली जुनी सुती साडी. वर्तमानपत्र चालतं, पण पांढऱ्या चौकटीवर त्याची शाई उतरते. नंतर कडा. बाजारातले फोमचे कोपरे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर मुरबाडकडे भेंडीची लागवड करणाऱ्याच्या बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी पडलेली असतात. १६ मिलिमीटरच्या नळीला उभी चीर द्यावी आणि बिनचौकटीच्या आरशाच्या चारही कडांवर ती बसवत जावं. पाच मिलिमीटरची काच तिच्यात घट्ट बसते. कोपऱ्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे दुमडून चिकटवावेत. त्यावर दोन्ही तोंडांना पुठ्ठा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फ्रिजचा रिकामा खोका मागितला तर मिळतो, आणि तो उभा कापला की सहा फुटी आरसा झाकला जातो. पुठ्ठ्यावर घोंगडी किंवा गोधडी, तिच्यावर गोणपाट, आणि मग सुतळी.

बबल रॅपवर मात्र लोकांचा जरा जास्तच भरवसा दिसतो. १९५७ साली अमेरिकेत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी तो तयार केला, तेव्हा त्यांना भिंतीला लावायचा नक्षीदार कागद बनवायचा होता. बांधणीचं सामान म्हणून तो मागाहून नावारूपाला आला. फुगे भरलेले असतात तोवर तो काम करतो. करकचून आवळलेल्या दोरीखाली मात्र फुगे फुटतात आणि उरतो नुसता प्लास्टिकचा कागद. म्हणून बबल रॅप पुठ्ठ्याच्या आत असावा, दोरीच्या थेट खाली नाही. शिवाय पावसाळ्यात आरसा प्लास्टिकमध्ये हवाबंद केला, तर आतल्या दमट हवेचं पाणी काचेवरच धरतं. चार तासांच्या प्रवासाला हे चालून जाईल. पण नवं घर तयार नाही म्हणून आरसा महिनाभर मामाच्या पडवीत ठेवायचा असेल, तर खालची बाजू उघडी राहू द्यावी.

काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची पद्धत सगळीकडे आहे. फुलीनं आरसा फुटायचा वाचत नाही. फुटलाच तर तुकडे एकमेकांना धरून राहतात, हाच तिचा उपयोग, आणि तो लहान नाही. साधा आरसा फुटला की गाडीच्या मागच्या काचेसारखे त्याचे बोथट दाणे होत नाहीत. सुरीसारखी लांब पाती होतात. फक्त फुली मास्किंग टेपची असावी. तपकिरी चिकटपट्टीचा डिंक मे महिन्याच्या उन्हात वितळून काचेवर बसतो आणि नव्या घरातला पहिला रविवार रॉकेलच्या बोळ्यानं तो पुसण्यात जातो.

आता टेम्पो. छोटा हत्ती २००५मध्ये बाजारात आला आणि गावाकडचं बिऱ्हाड हलवणं त्यानं बदलून टाकलं. बैलगाडी आणि अर्ध्या ट्रकचं भाडं यांच्या मधली सोय झाली. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांना जरा कमी रुंद. सहा फुटी आरसा त्यात रुंदीला मावत नाही, लांबीला मावतो. हे बरंच आहे, कारण तो तसाच जायला हवा : लांब कड खाली, बाजूच्या फाळक्याला समांतर. ब्रेक लागला की धक्का आरशाच्या लांबीच्या दिशेनं जातो, आणि त्या दिशेला तो सर्वांत दणकट असतो.

इथे हमखास वाद होतो.

“दादा, आरसा उभा घ्या.”

“ताई, उभा पडेल. आडवा टाकू, खाली-वर गादी घालतो. रोजचं काम आहे आपलं.”

दादांचं म्हणणं अगदीच चूक नाही. नुसता टेकवून ठेवलेला उभा आरसा पहिल्याच वळणावर पडतो, आणि पडला की संपलं. उभं ठेवायचं ते बांधण्याच्या बोलीवरच. फाळक्याला आधी गादी, गादीला टेकून आरसा, चकाकती बाजू आत. आरशासमोर प्लायचा तुकडा किंवा दिवाणाची फळी, आणि दोरी त्या फळीवरून. दोरी सरळ आरशाच्या मध्यावरून आवळली, तर तीच त्याला वाकवते. फळीवरून गेली की दाब पसरतो. शेजारी गॅसचं सिलिंडर, पाटा-वरवंटा, घरघंटी यांतलं काहीही नको. कपड्यांची पोती चालतील.

मुरबाडला अजून रेल्वे नाही, त्यामुळे तिथलं सगळं सामान रस्त्यानंच हलतं. शहापूरकर आसनगावहून लोकलच्या लगेजच्या डब्यात लहानसहान आरसे चढवतात. मोठ्यासाठी त्यांनाही टेम्पोच लागतो. आणि रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे आरसा सुरक्षित झाला, हा नवा गैरसमज. खड्ड्यांच्या रस्त्यावर चालक हळू जातो. समृद्धीवर किंवा नाशिक महामार्गावर गाडी मोकळी सुटते आणि खड्ड्यांच्या जागी वारा उभा राहतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. सहा बाय तीनचा आरसा फाळक्याच्या वर डोकावत, वाऱ्याला तोंड देऊन उभा असेल, तर ताशी ४० किलोमीटरला त्याच्यावर सुमारे १२ किलोचा रेटा येतो आणि ८०ला तोच ५० किलोवर जातो. चारपट. लांबीला ठेवलेल्या आरशाला हा रेटा समोरून बसत नाही, हा त्या मांडणीचा दुसरा फायदा. माळशेज घाटात मात्र वारा कुठूनही येतो, तेव्हा वरून ताडपत्री आवळलेली हवीच.

टेम्पो दारापर्यंत जाईलच असं इथे धरून चालता येत नाही. पाड्यावर जायचं तर शेवटचा तुकडा बांधावरून पायीच. हंडे डोक्यावर वाहायची सवय असलेल्या घरात आरसाही डोक्यावर चढतो. तेवढं टाळावं; वर फुटला तर पाती मानेवर येतात. दोघांनी एकाच बाजूला उभं राहून, एक हात खाली आणि एक कडेला, असा तो उभाच न्यावा. पायात चपलेऐवजी बूट.

आरशाच्या कपाटाचं काय, हे मागच्या आठवड्यात काही वाचकांनी विचारलं होतं. गोदरेजनं लोखंडी कपाटं बनवायला घेतली ती १९२३मध्ये, आणि कुठल्याही कंपनीचं लोखंडी कपाट आजही गावात गोदरेजच असतं. त्याच्या दारावरचा आरसा काढायच्या फंदात पडू नये. पत्र्याचे दुमडलेले काठ उघडताना कोपरा जातो. कपाट पूर्ण रिकामं करावं, साड्यासुद्धा बाहेर. दार कुलूपबंद, मूठ आडवी करून सुतळीनं बांधलेली, आरशावर पुठ्ठा. मग कपाट उभं गेलं तर चांगलंच. नाइलाजानं आडवं टाकलं तर पाठीवर, आरसा आकाशाकडे, आणि वर काही म्हणजे काही नाही. गादीसुद्धा नाही, कारण गादीवर कोणीतरी बसतंच.

सामान हलवणाऱ्या कंपनीला काम दिलं असेल, तर घरच्यांनी स्वतः बांधलेल्या वस्तूंची जबाबदारी कंपन्या सहसा घेत नाहीत. करारातला तो मजकूर सही करण्याआधी वाचावा आणि आरसा बांधण्यापूर्वी चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवावेत.

शेवटचा धोका नव्या घरातच असतो. पुनर्वसनाची किंवा मोबदल्याच्या पैशांतून बांधलेली घरं पावसाच्या तोंडावर घाईनं पुरी होतात आणि गिलावा ओला असतानाच बिऱ्हाड आत येतं. ओल्या गिलाव्यातून सिमेंटचा खार आणि दमटपणा महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो. अशा भिंतीला आरसा चिकटवून बसवला, तर दिवाळीपर्यंत त्याच्या कडा काळ्या पडायला लागतात. भिंत आणि आरसा यांच्यामध्ये हवा खेळायला बोटाच्या पेराएवढी तरी फट हवी. मागे लाकडी पट्ट्या मारल्या की ती मिळते. सिलिकॉन वापरायचं तर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्यावं. उघडताच व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चांदीचा थर खातं. भिंत अजून ओली असेल, तर आरसा न टांगता आतल्या कोरड्या खोलीत उभा ठेवावा, खालच्या कडेला ट्यूबचे तुकडे घालून. घरात रांगतं मूल असेल, तर वरचा भाग दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून टाकावा.

पुढच्या आठवड्यात : कणगी, घरघंटी आणि वर्षाचं धान्य.